मुंबई-चीन व्यापार आणि चिनी कोरीव पेट्यांतील प्रतीके : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मुंबई आणि चीन यांच्यातील व्यापाराचा विचार बहुधा अफू व कापूस यांच्या आकडेवारीतून केला जातो. परतीच्या जहाजांतून आलेल्या वस्तूंकडे मात्र शोभेच्या वस्तू म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात चिनी कोरीव लाकडी पेट्यांवरील प्रतीकांचा अर्थ आणि मुंबईत आल्यावर त्या अर्थाचे झालेले स्थित्यंतर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ. स. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य सागरी व्यापारासाठी चीनचे कँटन हे एकच बंदर खुले होते. मुंबईहून तेथे कापूस व माळव्याची अफू जाई. जमशेटजी जीजीभॉय १७९९ मध्ये प्रथम चीनला गेले. पुढे या व्यापारात पारशी व्यापाऱ्यांचा वाटा मोठा राहिला. त्यांच्या घरांत रेशमी गारा साड्यांबरोबर कापूरवृक्षाच्या पेटाऱ्याही आल्या. या लाकडाच्या वासाने कसर लागत नाही. म्हणून मौल्यवान वस्त्रे त्यांत ठेवीत. भूमितीय जडावकामाची ‘मुंबई पेटी’ ही याहून वेगळी परंपरा होय.

प्रतीकांची भाषा

चिनी प्रतीके पुष्कळदा उच्चारसाम्यावर आधारलेली असतात. वटवाघूळ आणि सौभाग्य या दोहोंचा उच्चार ‘फू’. मासा आणि समृद्धी यांचा ‘यू’. हरिण आणि सरकारी वेतन यांचा ‘लू’. पाच वटवाघळे म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शांत मृत्यू हे पाच आशीर्वाद. चीड, बांबू आणि प्लम यांचे त्रिकूट प्रतिकूल काळातील धैर्य सुचविते. अशी पेटी केवळ पाहायची नसून एका अर्थी ‘वाचायची’ असते.

मुंबईतील अर्थांतर

उच्चारावर उभा असलेला अर्थ भाषा बदलताच ढासळतो. वटवाघूळ घरात शिरणे आपल्याकडे अशुभ समजतात. त्यामुळे त्या आकृतीतील आशीर्वाद येथे मुका होतो. मासा मात्र सहज रुळण्यासारखा होता. पारशी घरांच्या उंबरठ्यावरील चौकात तो शुभचिन्ह म्हणून काढला जातो आणि हिंदूंच्या मंगलचिन्हांतही त्यास स्थान आहे. म्हणजेच, चिन्ह परके असूनही स्वीकारले जाते ते त्यास स्थानिक श्रद्धेचा आधार मिळतो तेव्हा. येथे शुभत्व टिकले. त्यामागचा श्लेष मात्र हरवला.

समारोप

या पेट्यांवर सौभाग्य व दीर्घायुष्य कोरलेले आहे. परंतु त्या ज्या व्यापारातून आल्या त्याच व्यापारातील अफूने चीनमधील असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली. याच व्यापारातील संपत्तीचा वारसा मुंबईतील रुग्णालये व शिक्षणसंस्था यांनाही लाभला. १८५७ मध्ये सुरू झालेली सर ज. जी. कलाशाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. गिरगाव, दादर पारशी कॉलनी यांसारख्या वस्त्यांतील जुनी घरे पुनर्विकासात रिकामी होत असताना अशा पेट्या भंगारात वा लिलावात जाण्यापूर्वी त्यांची नोंद होणे आवश्यक आहे. ही नोंद केवळ नक्षीची नसावी. पेटी कोणी, कोणत्या प्रवासात आणली, तीत काय ठेवले जाई आणि घरातील माणसे त्या नक्षीला काय म्हणत, हेही लिहून ठेवले पाहिजे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेतल्यास मुंबईच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन उपलब्ध होईल.