सालाझारचा हुकूम आणि गोव्यातले शेवटचे चाळीस तास

जत संस्थान ८ मार्च १९४८ रोजी स्वतंत्र भारतात विलीन झाले. तिथल्या डफळे राजघराण्याची अडीचशे वर्षांहून जुनी गादी सही-शिक्क्यानिशी संपली आणि कुठे एक गोळीही झडली नाही. जत आधी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, त्याच जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये सांगली झाले. सत्ता अशीही सोडता येते, हे आमच्या भागाने पाहिले आहे. फ्रेंचांनीही १९५४ मध्ये पुदुच्चेरी बोलणी करून सोडली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार मात्र गोव्याला वसाहत म्हणायलाच तयार नव्हता. १९५१ मध्ये त्याने घटना बदलून गोवा, दमण, दीव हे पोर्तुगालचे ‘सागरपार प्रांत’ ठरवले आणि बोलणीचा दरवाजा लावून टाकला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, माणसे मेली, तरी लिस्बन हलले नाही. पुढे जे घडले त्याची जबाबदारी त्या हट्टावर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२४ नोव्हेंबर १९६१. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. एक प्रवासी ठार झाला. दिल्लीचा धीर इथे सुटला. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड गोव्याच्या सीमेकडे निघाली. पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे मोहिमेची सूत्रे होती. नाव ठरले ‘ऑपरेशन विजय’.

१२ डिसेंबर. पोर्तुगीज कुटुंबांना घेऊन ‘इंडिया’ नावाची बोट मुरगाव बंदरातून सुटली. जागा ३८० जणांची, चढले सुमारे ७००. बायकामुले निघाली, नवरे-बाप मागे राहिले.

१४ डिसेंबर. सालाझारचा संदेश गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांच्या हाती पडला. त्याचा आशय असा, की तह नाही, शरणागती नाही, कैदी होणे नाही. पोर्तुगीज सैनिक एकतर जिंकलेला असेल नाहीतर मेलेला. किमान आठ दिवस झुंजायचे, तोवर जगाकडे दाद मागता येईल. सिल्व्हांकडे सैनिक होते तीन हजारांच्या आसपास. लढाऊ विमान एकही नव्हते, मोठी युद्धनौका एकच. हजारो मैलांवर खुर्चीत बसलेल्या माणसाने या सर्वांच्या मरणावर आधीच सही केली होती.

१८ डिसेंबर, पहाटे ४. पहिला वार दमणवर. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची पोरे पिढ्यानपिढ्या ज्या रेजिमेंटमध्ये भरती होतात, त्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन लेफ्टनंट कर्नल भोसले यांच्या हुकुमाखाली अंधारातच विमानतळाकडे सरकली. कंट्रोल टॉवरपाशी जोराचा प्रतिकार झाला. दमणच्या लढाईत आपले चार जवान पडले, पोर्तुगीजांचे दहा.

सकाळी ६.३०. दोडामार्गकडून शीख लाइट इन्फंट्री आणि रणगाडे थिवीच्या वाटेला लागले. त्यांच्या पूर्वेला मराठा पॅरा उसगाव-फोंड्याच्या रोखाने निघाले होते. पोर्तुगीज एकामागून एक पूल उडवत मागे हटत होते.

सकाळीच दाभोळी विमानतळावर भारतीय विमाने आली. विंग कमांडर मेनन यांच्या १२ कॅनबेरा विमानांनी ६३,००० पौंडांचे बॉम्ब धावपट्टीवर टाकले. इमारतींना हात लावायचा नाही, असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र फोडले. लिस्बनशी बोलायचे मुख्य साधन गेले.

दुपारी १२. मुरगाव बंदरात पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोंसो द अल्बुकर्क’ उभी होती. १५१० मध्ये ज्याने गोवा घेतला त्याचेच नाव या नौकेला होते. समोरून भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ आत शिरल्या. तोफा डागायच्या, मध्ये थांबून दिव्याच्या संकेतांनी ‘शरण या’ सांगायचे, पुन्हा डागायच्या, असे चालले होते.

१२.१५ ला अल्बुकर्कच्या नियंत्रण मनोऱ्यावर गोळा बसला. १२.२५ ला डोक्यावर फुटलेल्या गोळ्याने रेडिओ अधिकारी जागीच ठार झाला, कप्तान कुन्या अरागाव गंभीर जखमी झाले. दुसऱ्या अधिकाऱ्याने सूत्रे घेतली आणि १२.३५ ला नौका वळवून बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवली. कप्तानाची इच्छा नसताना एका सार्जंटने पांढरे निशाण चढवले. पण वाऱ्याने ते डोलकाठीला गुंडाळले गेले, आपल्या नौकांना ते दिसलेच नाही. तोफा चालूच राहिल्या. १२.५० ला नौका सोडण्याचा हुकूम सुटला. पन्नास मिनिटांत त्या एकट्या नौकेने जवळपास ४०० गोळे डागले होते. शत्रूच्या खलाशांनी दाखवलेले हे शौर्य खरे होते, ते कमी लेखू नये. ते शौर्य कशासाठी खर्ची पडले, हा प्रश्न त्यांच्या मालकाला विचारायचा.

त्याच दिवशी अंजदीव बेटावर नौदलाचे जवान उतरले. तिथे गोळीबार झाला आणि सात जण परत आले नाहीत. एवढ्याशा बेटासाठी आपण मोजलेली ही किंमत आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

दुपारी १.३०. बाणस्तारीचा पूल उडाला, पणजीचा रस्ता तुटला. संध्याकाळी पावणेसहाला शेवटची पोर्तुगीज तुकडी फेरीबोटीने मांडवी ओलांडून पणजीत पोचली. काही मिनिटांतच भारतीय रणगाडे पलीकडच्या बेतीला येऊन ठेपले. समोर पाचशे मीटरवर पणजीचे दिवे. हुकूम नव्हता म्हणून फौज थांबली.

या बेतीशी सांगलीचे नाते आहे. सांगलीत जन्मलेले मोहन रानडे, मूळचे मनोहर आपटे, सावई वेरे गावात मराठी शिकवायला म्हणून गेले आणि गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्याच पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळ्या लागून ते पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. रणगाडे बेतीला पोचले त्या संध्याकाळी रानडे तिथून हजारो मैल दूर, पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

रात्री ८. ग्रेगोरिओ माग्नो आंतांव नावाचे गोंयकार एकटेच नदी ओलांडून बेतीला आले. हातात पोर्तुगीज सैन्यातल्या मेजर तेन्रेरो यांचे पत्र होते: बोलणी करू, गोळीबार थांबवा, लोकांची कत्तल आणि शहराचा विध्वंस टळू द्या. ते पत्र घेणारे मेजर शिवदेव सिंग सिद्धू त्याच रात्री आग्वादच्या किल्ल्याकडे निघाले, कारण तिथे स्वातंत्र्यसैनिक कोंडलेले आहेत अशी खबर होती. किल्ल्यातल्या शिबंदीपर्यंत शरणागतीचा हुकूम पोचलेला नव्हता. गोळ्या सुटल्या, मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल पडले. या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त टोचते ते हे. पत्र आले होते, शेवट ठरला होता, आणि तरीही दोन माणसे गेली.

त्याच रात्री दाभोळीची धावपट्टी घाईघाईने डागडुजी करून दोन प्रवासी विमाने काही कुटुंबांना घेऊन उडाली. एकाने जेमतेम सातशे मीटर धावून उड्डाण घेतले. पाण्याला घासत दोन्ही कराचीला पोचली. तिकडे न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद बसली. युद्धबंदीच्या ठरावाला सात मते मिळाली, विरोधात चार, आणि सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला. आठ दिवस झुंजून जगाकडे दाद मागायचा सालाझारचा बेत एकाच रात्रीत संपला.

१९ डिसेंबर, सकाळी ७.३०. शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन कंपन्या मांडवी पार करून पणजीत उतरल्या. सगत सिंगांनी जवानांना पोलादी शिरस्त्राणे काढून मरून रंगाच्या बेरे टोप्या घालायला सांगितले होते. कुठेही प्रतिकार झाला नाही. ११ वाजता दमणने शस्त्रे खाली ठेवली. भारतीय अधिकारी दमणच्या गव्हर्नरांखेरीज कुणाची शरणागती घेईनात, म्हणून जखमी गव्हर्नरांना स्ट्रेचरवर घालून विमानतळावर आणावे लागले.

रात्री ८.३०, वास्को. मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. भारताचे २२ जण गेले, पोर्तुगालचे ३०. सालाझारचा हुकूम पाळला असता तर पणजीत, वास्कोत, मडगावात घराघरांतून प्रेते निघाली असती. सिल्व्हांनी तो मोडला, आणि या चाळीस तासांतले सर्वांत धाडसी कृत्य मी यालाच म्हणेन. सालाझारने त्यांना १९६३ मध्ये सैन्यातून हाकलले. हुकूमशाही कोसळल्यावर १९७४ मध्ये त्यांचा हुद्दा परत मिळाला. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केले, तेही त्याच वर्षी.

आणि मोहन रानडे? गोवा सुटला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी संगीतकार सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात जिवाचे रान केले, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे शब्द टाकला. सांगलीचा हा माणूस पोर्तुगालच्या तुरुंगातून बाहेर आला जानेवारी १९६९ मध्ये, गोवामुक्तीनंतर सात वर्षांनी.