स्तनविकृतींतील संयोजी ऊतकाचे बदल

स्तनातील साध्या व मारक गाठींत, दुग्धग्रंथी व दुग्धनलिका यांना आधार देणाऱ्या तंतुमय ऊतकाच्या रचनेत होणारे फेरफार. गाठ हातास टणक लागते ती बहुधा अर्बुदकोशिकांपेक्षा त्यांच्याभोवती साचलेल्या तंतूंमुळे; म्हणून निदानात या ऊतकास दुय्यम लेखणे योग्य नव्हे.

साध्या विकृती : फायब्रोअ‍ॅडिनोमात (तंतुग्रंथी-अर्बुदात) दुग्धखंडिकांतील विरल ऊतक वाढून नलिकांस वेढते किंवा दाबून फटीसारख्या करते, परंतु वाढीची सीमा रेखीव राहत असल्याने गाठ बोटाखालून निसटते. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये वर्णिलेल्या पर्णाकार अर्बुदाचे साधे वा मारकपण तर मुख्यतः संयोजी ऊतकावरूनच ठरते.

मारक विकृती : कर्ककोशिका आधारपटल भेदून बाहेर पडल्या, की भोवतालच्या तंतुजनक कोशिकांस आकुंचनशक्ती येते व श्लेषजन (कोलॅजन) विपुल साचते, त्यामुळे स्तनाचे बंध आखडून त्वचेस खळी पडते, स्तनाग्र आत ओढले जाते. श्लेष्मल कर्करोग मात्र मऊ असू शकतो. नलिकांभोवती साचणाऱ्या प्रत्यास्थ तंतूंवरून रोगाचे भवितव्य वर्तविता येते काय, याविषयी मतैक्य नाही.

रंजनपद्धती : व्हान गीसन रंजनाने श्लेषजन तांबडे, व्हेरहोफ रंजनाने प्रत्यास्थ तंतू काळे, मॅसन त्रिरंजनाने श्लेषजन निळे वा हिरवे दिसते, रजतलवणांनी जालिकातंतूंचे काळे जाळे उमटते. साध्या रंजनात एकजीव भासणारा भाग असा तपशीलवार वाचता येतो.

इतिहास : स्तनकर्करोगाचा प्रसार बीजाइतकाच (कर्ककोशिकांइतकाच) भूमीवर (त्या जेथे रुजतात त्या ऊतकावर) अवलंबून असतो, हे स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडले. मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिविज्ञानाचा पाया वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी घातला. हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. मुंबईत १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केल्याने पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपचार : शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे.

सालवड परिसर : पालघर जिल्ह्यातील सालवड व बोईसर-तारापूर येथून परळच्या या रुग्णालयात जाण्यास पश्चिम रेल्वेचा मार्ग आहे. अशा दूरच्या गावी वरील अभ्यासातल्यासारखी प्रशिक्षित हाताची तपासणी हेच पहिले साधन ठरू शकते. मात्र गाठीचा अंतिम निकाल तिच्या मऊ-कठीणपणावर न सोडता ऊतकपरीक्षेवरच सोपविला पाहिजे.