कडू कवठीचे तेल: सुश्रुतापासून शेंडा पार्कापर्यंत

त्वचेसाठी बियांच्या तेलांचे गुण सांगणाऱ्या जाहिराती आज विपुल आहेत. परंतु एका तेलावर एके काळी माणसाचे घर, गाव आणि नातीगोती टिकणार की नाही हे अवलंबून असे. ते तेल कडू कवठीचे.

सह्याद्रीच्या ओलसर जंगलांत, ओढ्या-नद्यांच्या काठी हे झाड वाढते. फळ कवठासारखे गोल व टणक. आत गरात रुतलेल्या तेलकट बिया. केरळात यालाच मरोट्टी म्हणतात आणि फळाची रिकामी कवची पणती म्हणून लावतात.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात 'तुवरक' नावाचा वृक्ष येतो. तो पश्चिम समुद्राच्या भूमीत वाढतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पावसाळ्यात पिकलेली फळे गोळा करावीत, बियांचा मगज वाळवून कुटावा, तिळाप्रमाणे तेल काढावे आणि ते पंधरवडाभर शेणात पुरून ठेवावे, असा तपशीलवार विधी आहे. तुवरक म्हणजेच कडू कवठ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र आयुर्वेदातील 'कुष्ठ' हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांना लागू होतो. तो केवळ आजच्या कुष्ठरोगाचा वाचक नव्हे.

पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष मात्र पूर्वेकडे गेले. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या फ्रेडरिक मौआट यांनी बाजारात मिळणाऱ्या 'चालमोगरा' तेलाविषयी लिहिले आणि युरोपातील डॉक्टरांचे कुतूहल जागे झाले. ते बी कोणत्या झाडाचे, याबाबत पुढे सुमारे अर्धशतक चूक होत राहिली. डेव्हिड प्रेन यांनी ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दुरुस्त केली. तरीही चुकीच्या झाडाचे 'गायनोकार्डिया' हे नाव औषधाच्या बाटल्यांवर बराच काळ टिकले. १९०४-०५ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर आणि सहकाऱ्यांनी या तेलातील वैशिष्ट्यपूर्ण आम्ले वेगळी केली. तीच आम्ले कडू कवठीच्या बियांतही सापडली. म्हणजे ब्रह्मदेशाच्या अरण्यात जे शोधले जात होते, ते पश्चिम घाटातही होतेच.

खरी अडचण तेल देण्याची होती. पोटात घेतले तर उलट्या होत आणि बहुतेक रुग्ण उपचार सोडून देत. दाट तेल टोचले तर वेदना होत, गळवे उठत. हवाईतील ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने तेलातील आम्लांची एथिल एस्टरे बनवून ते टोचण्यायोग्य केले. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तिच्या विद्यापीठाचे प्रमुख आर्थर डीन यांनी हे काम तिचा उल्लेख न करता प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये हॅरी हॉलमन या डॉक्टरांनी 'बॉल पद्धत' असे लिहिले नसते, तर तिचे नाव कदाचित पुसलेच गेले असते.

हिंदुस्थानात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी कलकत्त्यात हाच मार्ग पुढे नेला. पुढे कडू कवठीचे तेल स्वस्त व ताजे मिळते म्हणून त्याचा वापर वाढला. गुण सर्वांना येत नसे. आरंभीच्या अवस्थेतील काहींचे चट्टे ओसरत. पुष्कळांचा रोग पुन्हा उसळे. तरीही ज्या काळी १८९८ च्या कायद्याने ब्रिटिश हद्दीतील निराधार कुष्ठरुग्णास पकडून आश्रमात डांबता येत असे, त्या काळी दर आठवड्याची ही दुखरी सुई हीच हाती असलेली मुख्य आशा होती.

कोल्हापुरात हा इतिहास शेंडा पार्काच्या रूपाने उभा आहे. शहराला लागून असलेली ही जागा कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी ओळखली गेली. आज त्याच परिसरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

१९४० च्या दशकात डॅप्सोन आले आणि तेलाची इंजेक्शने मागे पडली. १९८० च्या दशकापासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. हा उपचार आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो.