वेगाचे घड्याळ आणि डेल्फ्टची गल्ली

वेगवान मोटारी पकडणारे यंत्र एका वेगवेड्याच्याच हातून जन्मले. मॉरिस गॅट्सोनिडेस हा जावा बेटात जन्मलेला डच शर्यतपटू. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपली गाडी किती वेगाने जाते हे कळावे, म्हणून त्याने मोजणीचे यंत्र बनविले, आणि तेच पुढे पोलिसांच्या हाती गेले! रस्त्यावर दोन रबरी नळ्या अंथरायच्या. पहिलीवर चाक पडले की घड्याळ सुरू, दुसरीवर पडले की बंद. कॅमेरा आणि रडार मागाहून आले. (गिरणीत कामगाराच्या पाठीशी घड्याळ घेऊन उभे राहणारे आम्हांस ठाऊक आहेत. मोटारवाल्याच्या पाठीशीही ते लागले, हे ऐकून बरे वाटते.)

परंतु छायाचित्र निघते तेव्हा गाडी पुढे गेलेली असते. १९७१ साली हॉलंडच्या रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली. त्यांत ४०० वर मुले होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली ‘बालहत्या थांबवा’ अशी हाक दिली. आईबापांनी रस्ते अडविले.

याच सुमारास डेल्फ्ट शहरात गल्ल्यांची रचनाच बदलत होती. पदपथ आणि रस्ता एक केले. मध्ये झाडे, बाक, वळणे आणली. दंड भरणे श्रीमंताला परवडते, झाडाला वळसा मात्र त्यालाही चुकत नाही. १९७६ साली अशा वस्त्यांसाठी कायदा झाला: मोटारीने माणसाच्या चालीने जावे, आणि मुलांनी रस्ताभर खेळावे.