बिअर उकळण्याचे इंधन : वीज आणि गॅस

घरगुती बिअरनिर्मितीत माल्ट भिजवण्यापासून हॉप्ससह उकळी देण्यापर्यंतची उष्णता विजेच्या हीटरने द्यावी की गॅसच्या बर्नरने, हा निवडीचा प्रश्न. महाराष्ट्रात त्याआधी कायदा आड येतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे आणि बिअरही त्यात मोडते. त्यामुळे राज्यात हे काम चालते ते परवानाधारक कारखान्यांत आणि मायक्रोब्रुअरींत. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेली डूलाली ही त्यांतली सुरुवातीची. ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठी 1963 पासून परवाना लागत नाही, अमेरिकेत 1978 च्या संघीय कायद्याने घरी बिअर करण्याची मुभा मिळाली. तिथे राहणाऱ्या मराठी हौशी मंडळींपुढे हा प्रश्न खराच असतो.

25 लिटर पाणी 25 अंश सेल्सिअसवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 2.2 युनिट वीज लागते. 230 व्होल्टवर, 16 अँपिअरच्या सॉकेटला 3 किलोवॉटचा हीटर चालतो आणि पाऊण तासाच्या थोडे पुढे उकळी येते. अमेरिकेतल्या साध्या 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम 1.8 किलोवॉट मिळतात, म्हणून तिथले मार्गदर्शक अंगणातल्या गॅस बर्नरकडे वळतात. तो सल्ला 230 व्होल्टच्या देशांत जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही.

विजेचा खरा फायदा माल्ट भिजवताना कळतो. 60 ते 65 अंशांवर एक विकर किण्वनक्षम साखर अधिक तयार करते, तर 68 ते 72 अंशांवर दुसऱ्याचे काम जोरात चालून बिअर दाट होते. चार-पाच अंशांची चूक चवीत उतरते. थर्मोस्टॅट हे तापमान धरून ठेवतो. गॅसवर मात्र आच सतत कमी-जास्त करत ढवळत राहावे लागते. पण हीटरचे तापपृष्ठ लहान आणि प्रखर असेल, तर त्याला चिकटलेला माल्ट करपतो, आणि तो करपट वास पुढे कशानेही जात नाही.

उकळताना झाकण उघडे हवे. फिकट माल्टमधून येणारे डायमिथिल सल्फाइड, म्हणजे उकडलेल्या मक्यासारखा वास, वाफेबरोबरच बाहेर पडतो. तासाभरात दोन-तीन लिटर पाणी उडून जाते आणि खोली वाफेने भरते. गॅस असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोका वाढतो. मोठा बर्नर बंद खोलीत कधीच लावू नये. हीटरला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि पाण्याबाहेर तो एक क्षणही चालू राहता कामा नये.

विजेची बाजू पडते ती पुरवठ्यावर. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात व्होल्टेज 190 वर उतरले, तर 3 किलोवॉटचा हीटर जेमतेम 2 किलोवॉट देईल. उकळीतच लाइट गेली तर सगळे थांबेल. गॅसला याची फिकीर नाही. एका वेळी साधारण 600 ग्रॅम एलपीजी जळतो, मात्र 14.2 किलोचे घरगुती सिलिंडर स्वयंपाकापुरतेच वापरता येते. पुरवठा खात्रीचा असेल तर वीज, नसेल तर उघड्यावरचा गॅस, हाच निवडीचा कस.