नोंदणी, निवास आणि रजा

विद्यापीठाची नियमपुस्तिका हा इतिहासकाराच्या आवडीचा विषय नव्हे. किती सत्रे हजर राहायचे, रजा किती मिळणार, प्रबंध केव्हा सादर करायचा, असल्या कलमांत कोणाचे मन रमणार? पण वाचकहो, हीच कलमे एखाद्या माणसाच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचली की त्यांचा अर्थ उलगडतो. इथे तो माणूस म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांच्या शिक्षणाच्या वाटेतला एक मुक्काम आपल्या बडोद्यातला आहे; म्हणून ही हकिकत आपण तरी नीट वाचली पाहिजे.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने त्यांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षांची. शिक्षण आटोपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला. म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाऊल ठेवण्याआधीच त्यांच्यावर दोन हिशेब चढले होते. विद्यापीठ विचारणार, किती काळ राहिलात, काय शिकलात? संस्थान विचारणार, परत केव्हा येता? हे दोन हिशेब पुढे जुळले नाहीत, आणि सगळी ओढाताण तिथूनच सुरू झाली.

कोलंबियात त्यांनी वेळ वाया घालवला नाही. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. यादीत प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनही दिसतात. ती हौस नव्हती. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला या भाषांतले ग्रंथ वाचता यावेत, अशी त्या काळच्या अमेरिकी विद्यापीठांची अपेक्षा असे. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली प्रबंधाचे कामही झाले. तरी पीएच.डी. रीतसर हाती पडली ती १९२७ साली.

मधली अकरा वर्षे कुठे गेली? कोलंबियाचा तेव्हाचा नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय पदवी द्यायची नाही. ज्ञान कपाटात कुलूपबंद राहू नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण छपाईला पैसे लागतात, आणि नियमाने ते गृहीत धरले होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने काढला, तेव्हा कुठे ही अट पुरी झाली.

कोलंबियाहून ते ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडनला आले. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. इनमधली हजेरी मोजण्याची रीत मोठी गमतीची. विद्यार्थी सत्रभर हजर होता की नाही, हे तिथल्या भोजनगृहात तो ठरावीक वेळा जेवला की नाही यावर ठरे. ज्यांना शाळेत इतर मुलांपासून दूर बसवले गेले, त्यांना लंडनमध्ये नियमानेच पंगतीत बसावे लागले!

पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परतण्याचा निरोप आला. लंडन विद्यापीठाने मात्र एक सवलत दिली. चार वर्षांच्या आत परत या, तुमचा अभ्यास जिथे थांबला तिथून पुढे चालू करता येईल. ही एवढीशी परवानगी पुढे निर्णायक ठरली.

१९१७ सालीच ते करार पाळायला बडोद्यास आले. आता संस्थानच्या नोकरीसाठी इथे राहणे भाग होते; पण राहायचे कुठे? अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी उतारूगृहात ते गेले. ते फक्त पारशांसाठी होते. रखवालदारापुढे त्यांनीच तोड काढली, की वहीत पारशी नाव लिहायचे. न्यूयॉर्क आणि लंडनच्या पटावर ज्यांचे नाव जसेच्या तसे नोंदले गेले, त्यांना आपल्या गावात एका खोलीसाठी नाव लपवावे लागले. तेही टिकले नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दाराशी आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मावले. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. आज आपण तिला सयाजीबाग म्हणतो आणि तिथल्या संकल्पभूमीला नमस्कार करतो. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तो वाचल्याशिवाय केलेला नमस्कार अपुरा आहे.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. सवलतीची चार वर्षे अजून संपली नव्हती. १९२१ साली एम.एस्सी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत पाठवला. मुंबईत बसून त्यांनी तो सुधारला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मान्य झाली.

वाचकहो, या हकिकतीतून नियमांबद्दल मला एक गोष्ट दिसते. नियमाने जात विचारली नाही, म्हणून तो विद्यार्थी आत जाऊ शकला. नियमाने खिसाही विचारला नाही, म्हणून तोच विद्यार्थी अडला. आणि रजेचे कलम नसते, तर त्याला लंडनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. कडक नियम आणि उदार नियम हा भेद पुरेसा नाही. खंड पडलेल्या माणसाला परत येऊ देतो तो नियम चांगला.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. फेरनोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची जादा मुभा आहे. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कोणी याला ढिलाई म्हणतात. त्यांनी १९१७ ते १९२० ही तीन वर्षे आठवावीत.

पण विद्यापीठाचा नियम विद्यापीठाच्या दारापर्यंतच चालतो. त्यापुढची वही आपल्या हातात असते. संशोधनासाठी परगावाहून मुलेमुली आजही या शहरात येतात आणि खोल्या शोधतात. १९२५ चा तो ग्रंथ आंबेडकरांनी सयाजीरावांना कृतज्ञतेने अर्पण केला. राजाचे ऋण त्यांनी विसरले नाही. शहराकडचे येणे मात्र बाकी आहे. दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे आडनाव ऐकून ज्या घरातली रिकामी खोली एकाएकी भरते, ते घर ते येणे वाढवत असते.