युनिक्सची पहिली ओळख : आज्ञा आणि सावधगिरी

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक कार्यप्रणालीचा पाया घातला. १९७३ मध्ये ती बहुतांशी 'सी' या भाषेत पुन्हा लिहिली गेल्याने निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली लिनक्स प्रणाली तिच्याच धर्तीवर बेतलेली आहे. त्यामुळे लिनक्सवर, तसेच अ‍ॅपलच्या मॅकवरील 'टर्मिनल'मध्ये युनिक्सच्या मूळ आज्ञा शिकता येतात.

नवशिक्याला प्रथम बुचकळ्यात टाकते ते या प्रणालीचे मौन. आज्ञेप्रमाणे काम पार पडले, तरी पडद्यावर अनेकदा काहीच उमटत नाही. 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा आपण कोणत्या डिरेक्टरीत आहोत ते सांगते. 'एलएस' तेथील फायलींची यादी देते. 'सीडी'ने दुसऱ्या डिरेक्टरीत जाता येते. 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचे नाव दिल्यास तिची माहितीपुस्तिका उघडते.

हे मौन फाइल खोडतानाही सुटत नाही. 'आरएम' या आज्ञेने खोडलेली फाइल कचरापेटीत जात नाही, आणि एरवी 'नक्की खोडू का?' असा प्रश्नही विचारला जात नाही. तारांकन म्हणजे 'कोणतेही नाव'. तारांकनाला जोडून 'डॉट टीएक्सटी' लिहिल्यास तेवढ्याच प्रकारच्या फायली खोडल्या जातात. परंतु मध्ये चुकून एक मोकळी जागा सुटली, तर डिरेक्टरीतील जवळजवळ सर्व फायली नाहीशा होतात.

१९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत अशाच आज्ञेमुळे 'टॉय स्टोरी २' या निर्माणाधीन चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. राखीव प्रतीही सदोष निघाल्या. एका तंत्रज्ञ महिलेच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून काम वाचले.

यावर साधे उपाय आहेत. खोडण्यापूर्वी तोच नमुना 'एलएस'ला देऊन यादी पाहावी. ती योग्य असेल तरच 'आरएम' वापरावे. 'आरएम'ला 'आय' हा पर्याय जोडल्यास प्रत्येक फाइलबाबत विचारणा होते. सर्वाधिकार असलेल्या 'रूट' खात्यातून सराव करू नये. महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी आणि ती उघडते का, हेही अधूनमधून पाहावे.